चरबीतला दाह आणि स्तनाचा कर्करोग

चेन्नईतील स्त्रियांमध्ये आज सर्वाधिक आढळतो तो स्तनाचा कर्करोग. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या पुढाकाराने 1954 मध्ये शहरातील अड्यारला कॅन्सर इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथल्या नोंदणीत 1980च्या दशकात गर्भाशयमुखाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर होता; पुढे तो घटला आणि स्तनाचा वाढत गेला. उशिरा मातृत्व, कमी बाळंतपणे ही त्याची कारणे आहेतच. लठ्ठपणा हेही एक मोठे कारण. 2019–21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तामिळनाडूतील सुमारे 40 टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. देशात हे प्रमाण 24 टक्के होते.

वजन वाढते तशा चरबीच्या पेशी फुगतात, त्यांना प्राणवायू अपुरा पडतो आणि काही मरतात. मृत पेशीभोवती मॅक्रोफेज या भक्षक पेशी कडे करतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते मुकुटासारखे दिसते. त्यांच्यातून स्रवणारी दाहक रसायने अरोमाटेज हे विकर वाढवतात आणि स्तनाच्या चरबीतच इस्ट्रोजेन हे अनेक स्तनकर्करोगांना पोसणारे संप्रेरक तयार होते. रजोनिवृत्तीनंतर अंडाशयाचे काम थांबते, चरबी हाच इस्ट्रोजेनचा मुख्य स्रोत उरतो. म्हणून या वयात लठ्ठपणाचा धोका अधिक.

वजन आटोक्यात असले तरी पोटावरची चरबी दुर्लक्षून चालत नाही. भारतीय स्त्रीच्या कमरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या आत असावा. रोजचे चालणे आणि मोजका आहार यांना पर्याय नाही. स्तनात गाठ लागताच, दुखत नसली तरी, विनाविलंब डॉक्टरांना दाखवावी.