हजार वॉटचा नवरदेव

दिवाळी सरली की आमच्या बीड जिल्ह्यातून ट्रॅक्टर ऊसतोडीला निघतात; त्यांच्या आधी त्यांचा आवाज निघतो. यंदा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मुकादमाकडच्या उचलीतून ट्रॅक्टरसाठी अँप्लिफायर आणि दोन सबवूफर आणले. "गुरुजी, हजार वॉट हाये!" मी विचारले, "आणि ओहम?" त्याने भक्तिभावाने हात जोडले.

माझे भांडण या वॉटभक्तीशी आहे. नवऱ्याचा पगार तेवढा विचारायचा, संसार झेपेल का ते नाही! चार-चार ओहमचे दोन वूफर समांतर जोडले की अँप्लिफायरपुढे उरतात दोनच ओहम. रोध निम्मा, करंट दुप्पट. चार ओहमच्या खाली न सोसणारा तो बिचारा तापणारच. तेच एकसर जोडले तर आठ ओहम. आवाज बेताचा, पण नांदणूक टिकते.

तिसऱ्या रात्री धूर निघाला. उचल मात्र कोयत्यानेच फेडायची आहे.

दुकानदाराला चार शब्द सुनावणार होतो. पण जॉर्ज ओहम नावाच्या जर्मन मास्तराने १८२७ साली मांडलेला नियम या पोराला मीच शिकवला होता. त्याचा तो तोंडपाठ होता. पैकीच्या पैकी मार्कही मीच दिले होते!