ओवी कुणाची?



सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आशा भोसले यांना अंतरिम दिलासा दिला. कृत्रिम बुद्धिमत्तेने त्यांच्या आवाजाची विनापरवानगी नक्कल करणे हा त्यांच्या हक्काचा भंग आहे, असे न्यायालयाने प्रथमदर्शनी मानले. मी या आदेशाचे स्वागत करते. पण जात्यावर गाणाऱ्या बाईच्या आवाजाचे काय?

१९५७ चा कॉपीराइट कायदा कर्ता शोधतो. ओवीला एकच एक कर्ती नसते. ती आईकडून लेकीकडे जाते, वाटेत वाढते. मात्र १९९४ च्या दुरुस्तीने गाणे सादर करणाऱ्या व्यक्तीलाही स्वतंत्र हक्क दिला. तो मागायचा तर ती बाई कोण, हे ठाऊक हवे.

डिसेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या समितीने सुचवले की, यंत्राला शिकवण्यासाठी कंपन्यांना सर्व साहित्य वापरू द्यावे आणि निर्मात्यांना मोबदला द्यावा. म्हणजे नकाराचा हक्क नाहीच. आणि बिननावाच्या बाईपर्यंत मोबदला पोहोचणार कसा?

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या गाणारणीच्या आणि गावाच्या नावासह. संभाजीनगरच्या आमच्या कपाटातल्या कॅसेटींवर मात्र गावाचे नाव आहे, बायकांचे नाही. ही चूक आमचीच. पुन्हा त्या गावांत जाऊ, नावे लिहू, संमती विचारू. तोवर एकही ओवी इंटरनेटवर टाकणार नाही.

तुमच्या कपाटात काय आहे, जरूर कळवा.