सिलिंडर नाही गेला भाऊ, सील गेलं!

शेणखत भरायचे ऐन दिवस. ओळखीच्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टर-लोडरचं बकेट उचललं की आपोआप खाली बसायचं. सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं : "सिलिंडर नवा टाका."

तो गावातल्या मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीनं बकेट जमिनीवर टेकवलं, इंजिन बंद केलं, लिव्हर पुढे-मागे करून प्रेशर सोडलं. मग पाइप काढले, ग्लँड उघडली, रॉड सरळ बाहेर ओढला. रॉडवर ओरखडा नाही, नळी आतून गुळगुळीत. पिस्टनचं सील तेवढं चिरलेलं. "सिलिंडर नाही गेला भाऊ, सील गेलं!"

पण सील मिळता मिळेना. नंबर कंपनीच्या पुस्तकात अन् पुस्तक सर्व्हिस सेंटरच्या कपाटात! दोन दिवस ट्रॅक्टर उभा.

केंद्रानं २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. त्यात शेतीची यंत्रंही आहेत. मग यवतमाळच्या शेतकऱ्याला सीलचा नंबर का मिळू नये?

अन् प्रश्न फक्त पैशाचा नाही. उचललेल्या बकेटखाली लाकडाचा टेकू लावून पाइप सैल करणारे मिस्त्री मी पाहिलेत. टेकू सरकला तर माणूस खाली चिरडतो. त्याला सुरक्षित पद्धत कोणी दाखवली का?

मागणी साधी आहे : प्रत्येक ट्रॅक्टर-लोडरसोबत सुट्या भागांची चित्रं, सीलचे नंबर आणि खोलण्याची पद्धत मराठीत द्या. लाखो रुपये मोजून यंत्र घेतलं, तर ते दुरुस्त करायची माहितीही त्याच किमतीत यायला पाहिजे.

तुमच्या गावात काय अनुभव? खाली लिहा.