३०३ रुग्णांच्या पलीकडे

हृदयविकाराचं निदान संगणकाला शिकवायचं म्हटलं, की आपल्याकडचे विद्यार्थी आजही बहुधा एकाच तक्त्याकडे वळतात. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अँजिओग्राफी झालेल्या ३०३ रुग्णांचा तो तक्ता. वय, छातीतल्या दुखण्याचा प्रकार, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, व्यायाम करताना ईसीजीत दिसलेला बदल अशा १३ नोंदी. चौदावी निदानाची, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी निम्म्याहून जास्त अरुंद झाली आहे का.

रॉबर्ट डेट्रानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम मोलाचंच. पण त्यात स्त्रिया जेमतेम एकतृतीयांश. नेहमीच्या १४ रकान्यांत धूम्रपान नाही, मग तंबाखू-मिश्री कुठून असणार! कमरेचा घेरही नाही. शिवाय हे सगळे अँजिओग्राफीपर्यंत पोचलेले रुग्ण. छातीत जळजळ होते म्हणून गावच्या आरोग्य केंद्रात आलेल्या बाईचा धोका त्यांच्यावरून कसा जोखायचा?

५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी आलेला दिसला; इतरत्र ५९च्या आसपास. कारणं बहुतांशी तीच, पण आपल्याला ती फार लवकर गाठतात. उसन्या आकड्यांवर आपल्या माणसांचं निदान बेतणं आम्हाला धोक्याचं वाटतं.

महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांना आमची विनंती आहे: रुग्णांची ओळख पूर्ण झाकून, त्यांच्या संमतीनं, आपल्याकडच्या नोंदी संशोधकांसाठी खुल्या करा.