सोयाबीनचे शेवटचे आठ दिवस

सोयाबीन हे साधारण शंभर दिवसांचं पीक. जूनअखेर पेरलं की दसऱ्याच्या सुमारास पानं गळतात, शेंगा वाळतात, रान काढणीला येतं. नेमका तेव्हाच परतीचा पाऊस लातूर, परभणी, वाशिमच्या शिवारांत रेंगाळतो. तीन महिन्यांच्या कष्टाचं मोल या आठवड्याभरात ठरतं.

लवकर काढलं तर दाण्यात ओल राहते. उशीर झाला तर शेंगा तडकून दाणे मातीत जातात. उभ्या पिकावर झड लागली तर शेंगेतच कोंब फुटतात. आभाळावर कुणाची सत्ता नाही. पण काढणी कशी होते, यावर बरंच अवलंबून असतं. बॅगेमागे उक्तं ठरवून काम घेणाऱ्या टोळ्या सगळ्यांना एकाच आठवड्यात हव्या असतात. हार्वेस्टर झटपट काम उरकतो, पण ओल्या काळ्या रानात तो चालत नाही आणि बुडाजवळच्या शेंगा मागे राहतात. पावसाच्या धास्तीनं ओल्या पिकाचंच बनीम लावलं आणि वर ताडपत्री ओढली, तर आत वाफ धरते, बुरशी लागते, दाणा काळा पडतो.

मळणीतही तेच. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं. मळणी यंत्र वेगात फिरलं की डाळ होते, आणि वरून धड दिसणाऱ्या दाण्याचाही कोंब आतून दुखावतो. बियाण्यासाठीची मळणी म्हणून कमी वेगातच करावी लागते. 2019च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढणीला आलेलं सोयाबीन पावसात भिजलं. पुढच्या जूनमध्ये राज्यभरातून बियाणं न उगवल्याच्या तक्रारी आल्या, अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. एका काढणीतल्या पावसानं दोन हंगाम नासवले.

हमीभावाच्या खरेदी केंद्रावर 12 टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो. 18 टक्के ओलाव्याचा क्विंटलभर माल 12 टक्क्यांपर्यंत वाळवला तर सुमारे 93 किलो भरतो. वाळवायला ऊन हवं, खळं हवं आणि चार दिवस थांबण्याची ऐपत हवी. ज्याच्या दारात उधारीवाला उभा आहे, तो माल ओलाच आडतीवर नेतो आणि पडेल तो भाव घेतो.

अशा वेळी पीक विम्याचा आधार हवा. कापून रानात वाळत पडलेल्या पिकाचं 14 दिवसांच्या आत पावसानं नुकसान झालं, तर भरपाई देण्याची तरतूद पंतप्रधान पीक विमा योजनेत आहे. महाराष्ट्रानं मात्र 2025च्या खरिपात ती वगळली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनावर ठेवली. कापणीनंतर बनीम भिजलं तर तो तोटा या प्रयोगात दिसत नाही. हा निर्णय शेतकऱ्यावर अन्याय करणारा आहे.

पेरणीच्या वेळी बियाणं, खत, कर्ज यांवर बैठका होतात. तितकीच काळजी काढणीची घ्यायला हवी. गावोगावी ओलावा मोजायचं यंत्र, मोठ्या ताडपत्र्या, सिमेंटचं खळं आणि बाजार समितीत धान्य वाळवण्याची सोय, एवढं दसऱ्याआधी उभं करा. आणि काढणीनंतरच्या नुकसानीची भरपाई विम्यात परत आणा.