सात किलोमीटर कमी पडले

ताशी ५५ किलोमीटर. १३ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी काकिनाड्याजवळ आंध्रचा किनारा ओलांडताना त्या वादळाचा वारा साधारण एवढाच होता. नाव मिळायला ताशी ६२ लागतात. सात किलोमीटर कमी पडले आणि ते निनावी राहिले. हवामान खात्याच्या दप्तरी ते फक्त ‘कमी दाबाचे अतितीव्र क्षेत्र’. जमिनीवर आल्यावर तर ‘अति’ही गेले. वादळ कमकुवत झाले, अशी बातमी आली. ती खरी होती.

त्याच रात्री हैदराबाद पाण्याखाली गेले. दुसऱ्या दिवशी पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण दगावले. त्या रात्री पुण्याच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून जात होत्या. सोलापूर, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात सोयाबीन शेतातच भिजले, ऊस लोळला, द्राक्षबागांत पाणी साचले. हे सगळे घडत असताना प्रत्येक पत्रकात वाऱ्याचा आकडा खाली येत होता.

नेमके काय कमकुवत झाले होते?

फक्त वारा. वादळाची प्रतवारी वाऱ्यावर ठरते. ताशी ३१ च्या खाली गेले की ते वादळांच्या यादीतूनच बाहेर पडते. किती पाऊस पाडणार, याला त्या मोजपट्टीत जागा नाही. किनाऱ्यासाठी ही पट्टी बरोबर आहे. तिथे वारा छप्पर उडवतो, होडी उलटवतो, लाटा गावात आणतो. पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या आपल्या पेठ वडगावहून काकिनाडा सरळ रेषेत मोजले तरी आठशे किलोमीटरहून लांब आहे. एवढी जमीन तुडवून एकही वादळ जोमात येत नाही. तिकडून वडगावला पोचणारे प्रत्येक वादळ कमकुवत झालेलेच असते. म्हणजे ज्या बातमीवर आपण सुटकेचा निःश्वास टाकतो, ती आपल्यासाठी वादळ आल्याची वर्दी असते.

यात गूढ काही नाही. वादळाचे इंधन म्हणजे कोमट समुद्रावरची वाफ. जमिनीवर तो पुरवठा तुटतो, घर्षण वाढते, मधला कमी दाब भरून येऊ लागतो आणि वारा मंदावतो. पण वाटेत गोळा केलेली आर्द्रता वाऱ्याबरोबर नाहीशी होत नाही. ती ढगांत असते आणि ढग आपल्या डोक्यावर असतात. त्यात वादळ रेंगाळले तर आणखी वाईट. एकाच तालुक्यावर तेच ढग तासन्‌तास रिते होतात. म्हणून तज्ज्ञ उपग्रहचित्रात पाहतात ते वेगळेच. ढग अजून केंद्राभोवती धरून आहेत की विखुरले? वरच्या थरातला वारा त्यांना ओढून नेतो आहे का? खालची जमीन आधीच ओली आहे का? वादळ टिकणार की विरणार, हे अशा खुणांवरून कळते. बातमीत मात्र एकच आकडा उरतो, आणि तोही वाऱ्याचा.

त्याच वर्षीचे निसर्ग चक्रीवादळ आठवा. ३ जून २०२० ला ते श्रीवर्धनजवळ धडकले. दोन दिवस आधीपासून अख्खा महाराष्ट्र त्याचा माग काढत होता. आपत्ती दलाच्या तुकड्या किनाऱ्यावर, लोक निवाऱ्यात, वाहिन्यांचे कॅमेरे समुद्राकडे. जे झाले ते योग्यच झाले. ऑक्टोबरच्या निनावी वादळाला यातले काय मिळाले? पावसाचा इशारा हवामान खात्याने दिला होता, हे नोंदवायलाच हवे. खात्याचे पावसाचे पत्रक वेगळे निघते, जिल्हावार निघते, रंगांनिशी निघते. वाचणारे मात्र वाऱ्याच्या पत्रकापाशीच थांबले.

आणि नाव असून भागते असेही नाही. पुढच्याच वर्षी, २६ सप्टेंबर २०२१ ला, गुलाब आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर आले. जमिनीवर चढताच ओसरले, बातम्यांतून गेले. मग त्याच्या उरल्यासुरल्या ढगांनी मराठवाडा बुडवला. मांजरा धरणाचे सगळे अठरा दरवाजे उघडावे लागले. तेच अवशेष पुढे अरबी समुद्रात उतरले, पुन्हा तापले आणि १ ऑक्टोबरला शाहीन या नव्या नावाने बातम्यांत परतले. ३ तारखेला ओमानला धडकले. दोन नावांच्या मधल्या दिवसांत ते मराठवाड्यावर होते. तेव्हा त्याला नाव नव्हते.

ऑक्टोबरात वडगाव परिसरात काय चाललेले असते, हे वेगळे सांगायला नको. सोयाबीन कापून शेतात पडलेले असते किंवा मळणीची वाट पाहत गंजी घातलेली असते. चार-दोन दिवस भिजले तर शेंगेतच कोंब फुटतात आणि बाजार समितीत ओलाव्याच्या नावाखाली दर पाडला जातो. रानाला वाफसा येत नाही, तोवर पुढची पेरणी अडते. हे नुकसान करायला ताशी ६२ चा वारा लागत नाही. झाडाचे पानही न हलता ते होते.

शेतकऱ्यासाठीचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. १३ ऑक्टोबर २०२० हा मंगळवार होता. त्या सकाळी वादळ काकिनाड्याला होते, बुधवारी संध्याकाळी सोलापूरच्या बाजूला. शुक्रवार उजाडेपर्यंत इकडचे सगळे उरकले होते. मधले दीड दिवस ज्यांनी रोजचा अंदाज स्वतः उघडून पाहिला त्यांनाच कळले. बाकीच्यांपर्यंत ‘कमकुवत’ एवढेच पोचले.

पुढचा भाग तर पाहण्यासारखा आहे. इथे पाऊस पाडून ते क्षेत्र अरबी समुद्रात उतरले आणि लगेच चर्चा पुन्हा सुरू झाली. आता ते जोर धरणार का? १७ ऑक्टोबरला त्याने थोडा धरलाही. पण किनाऱ्यापासून दूर जात दोन दिवसांत विरले. महाराष्ट्रावर असताना ज्याच्याकडे पाहायला कुणाला सवड नव्हती, ते समुद्रात गेल्यावर पुन्हा लक्ष ठेवण्याजोगे झाले. २३ ऑक्टोबरला राज्य सरकारने अतिवृष्टी आणि पुरासाठी दहा हजार कोटींची मदत जाहीर केली. निनावी वादळाचा हिशेब असा उशिराच मांडला जातो.

तेव्हा वडगावची बाजार समिती, आसपासचे साखर कारखाने, ग्रामपंचायती आणि गावोगावच्या बातम्या देणारे यांच्याकडे मागणे एकच. वादळ किनारा ओलांडून आत आले की त्याचा वारा सांगणे थांबवा. पुढच्या तीन दिवसांत आपल्या जिल्ह्याला किती पावसाचा इशारा आहे, तेवढे फळ्यावर लिहा, ध्वनिक्षेपकावरून सांगा, आणि ते क्षेत्र सह्याद्री ओलांडेपर्यंत रोज सांगा. माहिती आजही फुकट मिळते. ती गावात पोचवायला कुणाच्या नव्या आदेशाची गरज नाही.