सूर्यास्ताच्या हिशेबाने : नाणेघाट आणि जुन्नर

व्यापारी कुटुंबाची सहल बहुधा संध्याकाळच्या जेवणापाशी अडते. तरुणांना डोंगर हवा असतो, मुलांना मोकळे रान हवे असते, गृहिणीला स्वयंपाकघराबाहेरचा एक दिवस हवा असतो. आजी-आजोबा मात्र म्हणतात, "तुम्ही जा, आमचा चौविहार आहे, आमच्यामुळे तुमची ओढाताण नको." गाडी निघते आणि दोन माणसे मागे राहतात. वर्षातून एखाद्याच वेळी दुकानाला कुलूप लावून सर्वांनी एकत्र घालवायचा दिवस मिळतो. त्या दिवशीही कुटुंब अपुरेच राहते.

वास्तविक ज्या नियमाला अडचण समजले जाते, तोच हिवाळ्यातील एकदिवसीय प्रवासाचे उत्तम वेळापत्रक आखून देतो. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहा वाजून गेल्यावर थोड्याच वेळात मावळतो. म्हणजे हाती जेमतेम ११ तासांचा उजेड. अंधार पडल्यावर डोंगरात राहू नये, हे गिर्यारोहकांचेही पहिले सूत्र आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपावे, हे श्रावकाचे सूत्र. दोन्ही सूत्रे एकाच घड्याळावर चालतात. म्हणून नियोजन सकाळपासून पुढे न करता सूर्यास्तापासून मागे करत यावे. शेवटचे जेवण किती वाजता, त्यासाठी गावात किती वाजता, त्यासाठी डोंगर सोडायचा किती वाजता, असा उलटा हिशेब मांडला की दिवस आपोआप आखला जातो.

अशा दिवसासाठी पुण्याहून निघणाऱ्या कुटुंबाला नाणेघाट आणि जुन्नर ही जोडी फार सोयीची आहे. पुण्यापासून नारायणगावमार्गे जुन्नर सुमारे ९५ किलोमीटर, आणि तेथून पश्चिमेस घाटघरमार्गे नाणेघाट आणखी तीसएक किलोमीटर. कोकणातून चढून येणाऱ्यास वैशाखरे गावाकडून तीन-चार तासांची खडी वाट आहे. परंतु जुन्नरच्या बाजूने गाडी घाटमाथ्याजवळ पोहोचते. गुडघे दुखणाऱ्या आजोबांना माथ्यावर बसून कोकणचा देखावा पाहता येतो, आणि नातवांना दगडी वाटेने उतरून चढण्याचा पराक्रम करता येतो. एकाच ठिकाणी दोन्ही वयांची सोय होणे विरळा.

व्यापारी घराण्यांना या जागेची ओढ वाटावी, याला आणखी सबळ कारण आहे. सोपारा आणि कल्याण या बंदरांतून निघालेला माल याच घाटाने वर चढून जुन्नरमार्गे प्रतिष्ठानास, म्हणजे आजच्या पैठणास, जात असे. प्रतिष्ठान हे नाव जैन वाचकांस अपरिचित नाही. कालकाचार्यांनी सातवाहन राजाच्या विनंतीवरून संवत्सरी पंचमीऐवजी चतुर्थीस केली, ती याच नगरीत, असे श्वेतांबर परंपरा सांगते. घाटमाथ्यावर आजही एक मोठा दगडी रांजण उभा आहे. जकातीची नाणी त्यात टाकली जात, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. या वाटेच्या रक्षणासाठी जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे किल्ले आसपास उभे राहिले. टोलनाक्यावर गाडी थांबली की कंटाळणाऱ्या मुलांना हा रांजण दाखवावा. मार्ग, त्याचे रक्षण आणि त्याचे शुल्क हा व्यवहार किती जुना आहे, ते त्यांना एका दृष्टिक्षेपात कळेल.

माथ्यापासून थोडे खाली, खिंडीच्या दगडी वाटेवर, नाणेघाटाचे मुख्य लेणे आहे. सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील प्रदीर्घ लेख त्याच्या भिंतींवर कोरलेला आहे. राजघराण्याने केलेले यज्ञ आणि त्यांत दिलेल्या दक्षिणा यांची ती नोंद होय. गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी यांच्या संख्या त्यात आकड्यांनी दिल्या आहेत. एके ठिकाणी २४,४०० कार्षापणांचा उल्लेख येतो. भारतातील अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत या लेखाची गणना होते. शून्याचे चिन्ह त्या काळी नव्हते. दहा, शंभर आणि हजार यांसाठी निरनिराळी चिन्हे होती, आणि ती जोडून मोठी संख्या लिहिली जाई. दिवाळीत वहीपूजन करणाऱ्या घरातील मुलाने हे आकडे डोळ्यांनी पाहावेत. आपल्या दुकानातील वही किती दीर्घ परंपरेच्या टोकाशी आहे, हे पुस्तकातून सांगून जितके उमगत नाही, तितके त्या भिंतीसमोर उमगते.

त्याच लेण्यात मागील भिंतीशी राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. सिमुक, नागनिका, सातकर्णी यांची नावे वर कोरलेली आहेत. मूर्ती मात्र नष्ट झाल्या असून पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. याउलट वाटसरूंसाठी खोदलेली पाण्याची टाकी आजही आहेत. शिलालेखांत अशा टाक्याला 'पोढी' म्हणतात. नाणेघाटातील एका लहान लेखात सोपाऱ्याचा रहिवासी गोविंददास याने पोढी दान दिल्याची नोंद आहे. जुन्नरच्या लेण्यांतील एका लेखावरून धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी दिल्याचे समजते. इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढ्या दिल्या, असेही तेथील एक लेख सांगतो. ही लेणी बौद्ध भिक्षूंसाठी होती आणि दाते नाना देशांचे, नाना व्यवसायांचे होते. या व्यापारी मार्गावरील किती जणांची नावे केवळ पाण्याच्या दानामुळे टिकली, याकडे मुलांचे लक्ष वेधावे. घरी प्याऊ किंवा पांजरपोळ यांसाठी काढलेली रक्कम खर्चाच्या कोणत्या सदरात लिहावी, असा प्रश्न कधी तरुण पिढी विचारते. त्या प्रश्नाचे एक उत्तर येथे खडकात कोरलेले आहे.

आता दिवसाची आखणी. प्रथम तारीख. नाताळच्या सुट्टीत मुलांची शाळा बंद असते. त्या आठवड्यातील दुकानाच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस निवडावा, म्हणजे रविवारची गर्दी टळते. पंचांग पाहण्यास विसरू नये. मार्गशीर्ष वद्य १०, म्हणजे पोषदशमी, याच सुमारास येते आणि अनेक घरांत त्या वेळी अठ्ठम किंवा एकासणे असतात. अष्टमी-चतुर्दशीचे नियमही घरोघरी वेगळे असतात. तारीख आधी आजींना विचारून ठरवली, तर ऐन वेळी बेत मोडत नाही.

पहाटे ५.३० वाजता पुणे सोडावे. चाकण-राजगुरुनगरची कोंडी त्यामुळे टळते, आणि आठच्या सुमारास गाडी जुन्नर गावात पोहोचते. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारसी येते, तीही याच वेळी. खरा प्रश्न सकाळच्या खाण्याचा असतो. रात्री केलेले ओलसर ठेपले किंवा पोळ्या दुसऱ्या दिवशी वासी ठरतात, आणि सूर्योदयापूर्वी चूल पेटवणे काही घरांत चालत नाही. म्हणून न्याहारी कोरड्या पदार्थांचीच ठेवावी. कडक खाखरे, भाजलेले चणे, सुकडी आणि तिळाचे लाडू पुरेसे होतात. तीळ आणि सुका मेवा यांस फाल्गुन चौमासीपर्यंत मोकळीक असल्याने हा काळ अनुकूलच आहे. ज्यांना उकळलेल्याच पाण्याचा नियम आहे, त्यांच्यासाठी छोटी शेगडी, पातेले आणि गाळणे बरोबर असावे. हिवाळ्यात अशा पाण्याची मर्यादा ४ प्रहरांची असते, त्यामुळे आदल्या सायंकाळचे पाणी उपयोगी पडत नाही. ते या थांब्यावर ताजे उकळून घ्यावे.

थांबा गावात वस्तीतच घ्यावा, उसाच्या शेताकडेला घेऊ नये. जुन्नर तालुका हा बिबट्यांचा प्रदेश आहे, आणि पहाट व संध्याकाळ या त्यांच्या हालचालीच्या वेळा आहेत. लहान मुलांना त्या वेळी रस्त्याकडेला एकटे उतरू देणे धोक्याचे ठरते.

साडेनऊपर्यंत नाणेघाट येतो. तेथे अडीच तास ठेवावेत आणि कुटुंबाचे तीन गट करावेत. वडीलधाऱ्यांनी रांजणाजवळच्या मोकळ्या जागेत सतरंजी टाकून बसावे. मधल्या वयाच्यांनी लेण्यापर्यंत उतरून यावे. ती वाट काही मिनिटांचीच आहे, परंतु दगड झिजलेले असल्याने पकड घेणारे बूट हवेत. तरुणांनी तेथून पुढे फरसबंद वाटेने आणखी उतरावे. उतरताना वाट सोपी वाटते, खरी परीक्षा चढताना असते. त्यासाठी ठाम नियम हवा. कोठेही पोहोचलेले असोत, ११ वाजता सर्वांनी पाठ फिरवून चढू लागावे. नानाच्या अंगठ्याच्या कड्यावर वारा जोराचा असतो आणि धारेस कठडा नाही. छायाचित्रासाठी कोणीही टोकाशी जाऊ नये आणि लहानग्यांचा हात सोडू नये. समोरचा जीवधन किल्ला मोह घालतो, परंतु त्याची वाट अवघड असून माहीतगार सोबत्यासह स्वतंत्र दिवस मागणारी आहे. एका दिवसात एक डोंगर आणि एक गाव, याहून अधिक लोभ धरला की जेवण चुकते आणि घाई अपघातास आमंत्रण देते.

बारा वाजता निघून सव्वाएकपर्यंत जुन्नरला परतावे. येथील जेवणाची वर्दी दोन दिवस आधी दूरध्वनीवरून द्यावी, आणि कांदा, लसूण, बटाटा हे शब्द स्पष्ट उच्चारून नको म्हणावेत. केवळ 'जैन जेवण' म्हटल्याने लहान गावात प्रत्येक वेळी अर्थबोध होतोच असे नाही. बाजरीची गरम भाकरी, तूप-गूळ, मुगाची उसळ आणि या भागाची ओळख असलेली मासवडी असा बेत सांगता येतो. नाव ऐकून दचकण्याचे कारण नाही. मासवडी बेसनाची असते, तीळ आणि सुके खोबरे यांचे सारण भरलेली. सारणातील व रश्शातील कांदा-लसूण तेवढा आधीच वगळण्यास सांगावा. त्याच स्वयंपाकघरातून दुपारी ताज्या केलेल्या दशम्या आणि सुकी भाजी बांधून घ्यावी. संध्याकाळच्या जेवणाची सर्व विवंचना तेथेच संपते.

जेवणानंतरचे दोन-अडीच तास गावाचे. जुन्या पेठेतून सर्वांनी मिळून सावकाश चालावे. अरुंद गल्ल्या, जुने वाडे आणि त्यांच्या पुढच्या भागात थाटलेली दुकाने पाहताना घरातील वडील मंडळींना स्वतःचे बालपणीचे गाव हमखास आठवते, आणि नातवंडांना ते ऐकण्याची सवड असते. हा भाग एके काळी हातकागदासाठी प्रसिद्ध होता आणि मराठेशाहीच्या दफ्तरांत जुन्नरी कागद वापरला जाई. वाहन थोडे बाहेर नेता आले, तर हापूसबागेतील कोरीव दगडी घुमट पाहावा. लोक त्याला सौदागर घुमट असेही म्हणतात. खरेदी पेठेतील लहान दुकानातून करावी आणि भावात फार घासाघीस करू नये. गल्ल्याच्या पलीकडच्या बाजूस उभे राहण्याचा अनुभव व्यापाऱ्याच्या मुलास वर्षातून एकदा तरी मिळालेला बरा.

पावणेपाचला दशम्यांची शिदोरी सोडावी. सव्वापाचपर्यंत जेवण, पाणी आणि औषधे आटोपून आजी-आजोबांनी शांतपणे पच्चक्खाण घ्यावे आणि साडेपाचला गाडी निघावी. सूर्यास्त वाटेत होतो. त्यानंतर कोणत्याही ढाब्याशी थांबण्याची गरज उरत नाही, त्यामुळे साडेआठच्या आत घर गाठता येते. दुसऱ्या दिवशी दुकान नेहमीच्या वेळी उघडते.

काही गोष्टी मुद्दाम पुढच्या खेपेस ठेवाव्यात. शिवनेरीला स्वतंत्र दिवस हवा. जुन्नरच्या दक्षिणेस मानमोडीच्या डोंगरात अंबिका लेणी आहेत. मूळ बौद्ध असलेल्या या लेण्यांत नंतरच्या काळात जैन मूर्ती कोरल्या गेल्या, आणि त्यांतील अंबिकेवरून समूहास नाव मिळाले. तेथे मधमाश्यांची पोळी असतात, म्हणून उग्र अत्तर, धूर आणि आरडाओरडा वर्ज्य करावा. माश्यांचे घर मोडू नये आणि आपलाही जीव धोक्यात घालू नये, यासाठी एवढे भान पुरेसे आहे. जानेवारीपासून या परिसरात द्राक्षांची तोडणी सुरू होते. त्या सुमारास निघणाऱ्यांना परतीच्या वाटेवर, दिवस मावळण्याआधी, बागेतील ताजी द्राक्षे घेता येतील.